वाट पाहण्याचे शास्त्र : एड्सगर डाइकस्ट्रा

(द्वितीय वर्ष, कला)

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण गाजविणारे वीर, तुरुंगवास भोगणारे देशभक्त किंवा समाजासाठी झिजणारे संत-सुधारक उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु या जगात अशीही काही माणसे होऊन गेली, की ज्यांच्या बुद्धीचे फळ आपण दिवसातून शंभर वेळा चाखतो आणि त्यांचे नाव मात्र आपल्या कानावरून कधी गेलेले नसते. घोडेगावच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला, हे माझे वडील आज बांधावर बसून मोबाइलवर पाहतात. त्याच वेळी त्याच मोबाइलवर कोणाचा तरी निरोप येतो, मागे गाणे चालू असते, घड्याळ पुढे सरकत असते. एवढी सगळी कामे, आणि त्या सर्वांना मिळून स्मृती मात्र एकच! तरीही कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही, कोणी कोणाचे अर्धे लिहिलेले पान ओढून नेत नाही. ही शिस्त त्या यंत्राला कोणी शिकविली? तिचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी असलेले नाव म्हणजे हॉलंडचे प्राध्यापक एड्सगर डाइकस्ट्रा हे होय.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या माणसाची हकीकत वाचली तेव्हा वाटले, की ही केवळ यंत्राची गोष्ट नाही. एकाच वस्तूवर अनेकांचा हक्क असला की काय करावे, या फार जुन्या मानवी प्रश्नाची ती गोष्ट आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एड्सगर डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम या बंदराच्या शहरी झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितात पारंगत. घरात विद्येचे वातावरण होते; त्या बाबतीत ते आमच्यासारख्या अनेकांपेक्षा भाग्यवान म्हटले पाहिजेत. परंतु काळ मोठा कठीण होता. एड्सगरला दहावे वर्ष पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँबवर्षाव केला आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. पुढची पाच वर्षे देश परकीयांच्या टाचेखाली होता. अशा दिवसांत वाढलेल्या मुलाने कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचा प्रतिनिधी व्हावे असे स्वप्न पाहिले, यात नवल नाही. पण शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणित व शास्त्र या विषयांत त्याने असे यश मिळविले, की वडीलधाऱ्यांनी त्याला शास्त्राकडे वळविले. लायडनच्या विद्यापीठात तो पदार्थविज्ञान शिकू लागला.

१९५१ साली त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. इंग्लंडमधील केंब्रिज येथे संगणकाचा प्रोग्राम कसा लिहावा, याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. वडिलांच्या वाचनात ती जाहिरात आली आणि परीक्षेतील यशाचे बक्षीस म्हणून त्यांनी मुलाला तिकडे धाडले. तिथून परतल्यावर १९५२ साली ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात डाइकस्ट्रा काम करू लागले. तेथील प्रमुख संशोधक वाइनहार्डन यांच्या हाताखाली त्यांनी यंत्रांसाठी प्रोग्राम रचले. पण मनात एक टोचणी होती. पदार्थविज्ञान हे मान्यताप्राप्त शास्त्र. प्रोग्राम लिहिणे हे काय शास्त्र म्हणायचे? त्यात पाया कोणता, सिद्धान्त कोणते? शेवटी त्यांनी आपली शंका वाइनहार्डन यांच्यापुढे मांडली. वाइनहार्डन यांनी शांतपणे ऐकून घेतले. असे शास्त्र आज नाही हे त्यांनी मान्य केले; पण संगणक आता जगातून जाणार नाहीत, तेव्हा ते शास्त्र उभे करणाऱ्यांपैकी तूच एक का होऊ नयेस, असे त्यांनी सुचविले. त्या एका भेटीने डाइकस्ट्रांचा निश्चय झाला.

मात्र निश्चय झाला म्हणून जगाने मान्यता दिली असे नव्हे! १९५७ साली त्यांनी गणित केंद्रातच आकडेमोडीचे काम करणाऱ्या रिया डेबेट्स यांच्याशी विवाह केला. विवाहनोंदणीच्या वेळी व्यवसाय लिहावा लागे. त्यांनी प्रोग्रामर असे सांगितले. असा काही व्यवसायच नाही, असे म्हणून नगरपालिकेने ती नोंद नाकारली आणि कागदावर पदार्थवैज्ञानिक असे लिहिले गेले. हा प्रसंग वाचताना मला महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज आठवला. आईचा व्यवसाय या रकान्यात मी गृहिणी असे लिहिले. माझी आई सकाळी सातला खुरपे घेऊन बाहेर पडते ती दिवेलागणीला परत येते. पण त्या कामाला बसेल असा शब्द त्या अर्जात कोठेच नव्हता. कामाला नाव नसले म्हणून काम लहान ठरत नाही, हे डाइकस्ट्रांच्या पुढील आयुष्याने सिद्ध केले.

लग्नाच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९५६ ची गोष्ट. गणित केंद्राच्या नव्या यंत्राचे उद्घाटन व्हायचे होते आणि सामान्य लोकांना समजेल असे काही करून दाखवायचे होते. एका शहरातून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न डाइकस्ट्रांनी निवडला. भावी पत्नीबरोबर बाजारात फिरून दमल्यावर दोघे कॉफी पिण्यास बसली असता, हाती कागद-पेन्सिल नसताना, वीस मिनिटांत त्यांना रीत सुचली. हॉलंडमधील ६४ शहरांचा नकाशा घेऊन ती करून दाखविण्यात आली आणि १९५९ साली छापून आली. आज आपण नाशिकला संगमनेरवरून जावे की शिर्डीवरून, हे मोबाइलला विचारतो तेव्हा त्याच्या उत्तरामागे त्या वीस मिनिटांचा वारसा असतो. पुढे ऑगस्ट १९६० मध्ये सहकारी झोनेफेल्ड यांच्यासह त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा अनुवादक प्रोग्राम पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता, असे सांगतात.

परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. त्याची सुरुवात भीतीपासून झाली. एक्स-१ नावाच्या नव्या यंत्राची आखणी चालू असताना अभियंत्यांनी एक सोय सुचविली. छपाई किंवा वाचन करणारे उपकरण मंद असते; ते संपेपर्यंत मुख्य यंत्राने ताटकळत बसण्याऐवजी दुसरे काम करावे आणि उपकरणाने काम होताच हात वर करून त्याला मध्येच थांबवावे, अशी ही योजना. ऐकून डाइकस्ट्रा घाबरले. हात नेमका कोणत्या क्षणी वर होईल हे कोणालाच सांगता येत नाही. मग त्यातून घडणारी चूक हजारात एकदाच घडेल आणि शोधू गेल्यास पुन्हा दिसणार नाही! पण सहकाऱ्यांनी त्यांच्या बुद्धीची तारीफ करून करून त्यांना राजी केले. त्यांनी ते आव्हान पेलले आणि याच कामावर १९५९ साली डॉक्टरेट मिळविली.

१९६२ साली ते आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली, रचली. अशा प्रणालीच्या आतल्या गाभ्याला आज कर्नल म्हणतात. हा गाभा काय करतो हे समजण्यासाठी स्मृतीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

यंत्राची जलद स्मृती महाग आणि लहान असते. मोठा साठा मंद असतो. म्हणून साठ्यातील मजकुराची सारख्या आकाराची पाने करतात आणि लागेल तेवढेच पान जलद स्मृतीत आणतात. पानांची ही पद्धत इंग्लंडमधील मँचेस्टर येथे टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस या संगणकासाठी काढली. ते यंत्र डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या जलद स्मृतीत ५१२ शब्दांची अवघी ३२ पाने मावत. आणि त्यातही एक खुबी होती. प्रत्येक पानाला एक खूण असे. पान आणले जात असताना ती खूण लावून ठेवीत, म्हणजे अर्धवट आलेल्या पानाला कोणी हात लावू नये. पानाचे कुलूप ते हेच.

डाइकस्ट्रांच्या यंत्रात जलद स्मृतीचे एक आवर्तन अडीच मायक्रोसेकंदांचे, तर साठ्याच्या चुंबकीय ड्रमची एक फेरी ४० मिलिसेकंदांची होती. हिशेब केला तर ड्रमचा एक फेरा होईतो स्मृतीची सोळा हजार आवर्तने होतात. एक पान येण्याची वाट पाहत यंत्राने हातावर हात ठेवून बसणे म्हणजे केवढा अपव्यय! म्हणून एका कामाला पान हवे असेल तर ते बाजूला थांबावे आणि तेवढ्यात दुसऱ्या कामाने पुढे जावे, अशी व्यवस्था हवी. पण मग प्रत्येक काम आपापल्या गतीने चालणार. कोण केव्हा कोठे पोहोचेल याचा नेम नाही. दोघांनी एकाच क्षणी एकच पान बदलायला घेतले तर?

हा प्रश्न दोन कामांपुरता डेकर या डच गणितज्ञाने सोडविला होता. कितीही कामे असली तरी लागू पडेल असे उत्तर डाइकस्ट्रांनी १९६५ साली एका पानाच्या लेखात दिले. परंतु त्या रीतीत वाट पाहणाऱ्याला पुन्हा पुन्हा डोकावून पाहावे लागे. दार उघडले का, दार उघडले का, असे विचारण्यातच त्याची शक्ती जाई. यावरचा उपाय त्यांना रेल्वेत सापडला.

आपल्या जिल्ह्यातून दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून जातो. जुन्या लोकांना स्टेशनाबाहेरचा तो उंच खांब आणि त्याचा लाकडी हात आठवत असेल. हात आडवा असला की गाडीने थांबायचे. सिग्नल पडला की निघायचे. मार्ग एकेरी असताना विळद ते वांबोरी या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असे! त्या खांबाला सेमाफोर म्हणतात. डाइकस्ट्रांनी तेच नाव आपल्या युक्तीला दिले. त्यांचा सेमाफोर म्हणजे एक साधा आकडा आणि त्यावरच्या दोन क्रिया. आत जाणाऱ्याने आकडा एकाने कमी करायचा. जागा शिल्लक नसेल तर तिथेच झोपी जायचे. बाहेर पडणाऱ्याने आकडा एकाने वाढवायचा आणि कोणी झोपलेला असेल तर त्याला उठवायचे. डच शब्दांवरून त्यांनी या क्रियांना पी आणि व्ही अशी अक्षरे दिली. डोकावणे नाही, रेटारेटी नाही. ज्याने कुलूप लावले त्याने ते उघडताना पुढच्याला हाक मारायची, एवढेच.

ही कल्पना पुढे जगभर पसरली आणि तिच्या अनेक शाखा निघाल्या. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातही पानांना कुलपे असतात, आणि आपले बहुतेक मोबाइल याच गाभ्यावर चालतात. पान साठ्यातून येईपर्यंत कुलूपबंद राहते. ते आले की कुलूप निघते आणि वाट पाहणारे जागे होतात. अलीकडे यात आणखी एक सुधारणा झाली आहे. ती समजण्यासाठी पिठाच्या गिरणीत जावे. तिथे दोन तऱ्हेची गिऱ्हाइके असतात. एक डब्याशेजारी बसून राहते. दुसरे डबा नंबराला लावून बाजार करून येते. दळण झाले की गिरणीवाला हाक मारतो. लिनक्समध्ये २०२० साली फायली वाचण्याच्या कामात अशी सोय झाली, की कामाने बंद पानापाशी झोपून न राहता आपली नोंद ठेवून पुढे जावे आणि कुलूप निघताच त्याला कळवले जावे. मात्र परत आल्यावर डबा आपलाच आहे ना, हे पाहून घ्यावे लागते. कारण मधल्या काळात ते पान दुसऱ्याच मजकुरासाठी गेलेले असू शकते. मंद आणि जलद यांनी एकमेकांना न अडवता एकत्र कसे काम करावे, हा एक्स-१ च्या वेळचाच प्रश्न साठ वर्षांनंतर नव्या रूपात पुढे आला, असे म्हणता येईल.

पण कुलपांचा एक मोठा धोका आहे आणि तोही डाइकस्ट्रांनी नेमका ओळखला. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ मृत्युमिठी असा होतो. आमच्या भागात भाऊबंदांच्या सामाईक विहिरी पुष्कळ. एका वर्षी आमच्या वस्तीवर विहिरीची पाळी आमच्याकडे आणि पाइप चुलत्यांकडे असा प्रकार झाला. तुम्ही पाळी सोडा, मग पाइप देतो, असे त्यांचे म्हणणे. तुम्ही पाइप द्या, भिजवून होताच पाळी सोडतो, असे आमचे. आठ दिवस विहिरीत पाणी उभे आणि दोन्ही वावरांतला कांदा माना टाकून पडलेला! कोणीही चोरी केली नव्हती, कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाजवळ एकेक कुलूप होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता. नुकसान मात्र दोन्ही घरांचे झाले, आणि बोलणे बंद झाले ते वेगळेच.

हाच पेच डाइकस्ट्रांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला. पुढे टोनी होअर यांनी त्याला गोल मेजावर जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. पाच माणसे आणि पाचच काटे. जेवायला मात्र प्रत्येकाला दोन लागतात. सर्वांनी एकदम उजवा काटा उचलला की सर्व उपाशी! डाइकस्ट्रांचा उपाय असा, की वस्तूंना क्रम लावावा आणि प्रत्येकाने त्याच क्रमाने त्या घ्याव्यात. आमच्या विहिरीला तो लावायचा तर असे म्हणता येईल : आधी पाळी, मग पाइप, पाळी हाती नसताना कोणीही पाइप धरून बसू नये. किती साधा नियम! माणसांच्या चांगुलपणावर तो अवलंबून नाही, कोणी पंच बोलवावा लागत नाही. नियम सर्वांना सारखा असला की भांडणाचे कारणच उरत नाही.

आइंडहोव्हनच्या प्रणालीचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले. ती थरांनी रचलेली होती. खालच्या थराने पानांची काळजी घ्यायची आणि वरच्यांनी ती चिंता करायची नाही. प्रोग्राम चालवून पाहिल्याने चुका सापडतात, पण चुका नाहीत हे सिद्ध होत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून प्रत्येक थर बरोबर आहे हे आधी विचाराने पटवून घ्यायचे आणि मग तो यंत्रावर चालवायचा, अशी त्यांची पद्धत. मात्र काम पुरे झाल्यावर सहकाऱ्यांचा तो गट विखुरला. डाइकस्ट्रांना त्याने मोठी उदासी आली. त्या उदासीतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि प्रोग्राम सुसूत्रपणे कसा रचावा यावरचे आपले गाजलेले टिपण लिहिले. १९७२ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. पंधरा वर्षांपूर्वी ज्याचा व्यवसाय कागदावर लिहायला नकार मिळाला होता, त्याच व्यवसायाने त्यांना हा मान दिला!

१९७३ पासून ते बरोज या कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन गावातील आपल्या घरीच काम करीत आणि मंगळवारी विद्यापीठात जाऊन सहकाऱ्यांशी चर्चा करीत. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. संगणकाच्या या महर्षींनी आपले लेखन मात्र फाउंटन पेनने, वळणदार अक्षरात केले. तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली आणि त्यांच्या प्रती टपालाने मित्रांना पाठविल्या. त्यांना मिळाल्या की ते पुढच्यांना देत. त्यांची जीभ तिखट होती. न पटणाऱ्या मतावर ते असा प्रहार करीत, की समोरचा दुखावला जाई. हा त्यांचा दोष मान्य केलाच पाहिजे. पण स्वतःच्या कामालाही ते तीच कसोटी लावीत. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपण कोठेही गेलो तरी रांग आहे. ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एकच प्रत आणि वाचणारे चाळीस. कालव्याचे पाणी थोडे आणि वावरे पुष्कळ. अशा वेळी बळी तो कान पिळी हा एक न्याय. आणि कोणीच काही करू नये, सर्वांनी ताटकळत बसावे हा दुसरा. डाइकस्ट्रांनी तिसरा मार्ग दाखविला. कुलूप लावावे, पण काम असेल तेवढाच वेळ. वाट पाहावी लागली तर त्या वेळात दुसरे काम करावे. एकाच वेळी अनेक वस्तू लागणार असतील तर त्या ठरलेल्या क्रमानेच घ्याव्यात. आणि आपले काम झाले की किल्ली खिशात घालून निघून न जाता पुढच्याला हाक मारावी. शिक्षणाचे दार आमच्या घरात माझ्यापाशी प्रथमच उघडले. माझ्यामागे धाकटी बहीण उभी आहे. तिला हाक मारण्याचे काम आता माझे आहे.